एकशे चौदा सायटेशन

औंढा नागनाथहून जीपने पाऊण तास गेलं की रस्त्याला लागूनच आमचं महाविद्यालय येतं. तिथं मी ग्रंथपाल आहे. माझ्याकडं पुस्तकं कमी आणि फायली जास्त. त्यातली एक जाडजूड फाईल संशोधनाची. कोणत्या प्राध्यापकाचा निबंध कुठं छापून आला आणि पुढं जगात कुणी कुणी त्याचा संदर्भ घेतला, हे दर महिन्याला बघून मांडायचं काम माझं. दुसऱ्या कुणी आपल्या लिखाणात आमच्या माणसाच्या निबंधाचं नाव घेतलं की एक सायटेशन धरायचं. आमच्या बहुतेक प्राध्यापकांची सायटेशन हाताच्या बोटांवर मोजावीत, आणि त्यातली निम्मी त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली. एकट्या धम्मानंद खिल्लारेच्या एका निबंधाला आजच्या तारखेला एकशे चौदा आहेत. बाहेरची समिती तपासणीला आली की आमचे प्राचार्य पहिल्यांदा तेच पान उघडून दाखवतात.

त्या एकशे चौदाची ही हकिगत. सांगताना मधूनमधून माझा आवाज चढेल, तो चढू द्या. या प्रकरणात माझाही हात आहे आणि ते मी शेवटपर्यंत लपवून ठेवणार नाही.

धम्मानंदचे वडील जळबा हे त्यांच्या गावच्या तातेराव पाटलांकडं सालगडी होते. आई जनकाबाई त्याच शेतात मजुरीला. धम्मानंद आठवीत असताना सोयाबीनच्या काढणीत जनकाबाईच्या हाताला फुरसं डसलं. फुरसं हातभरही लांब नसतं, पेंढीखाली दबून बसलेलं दिसतही नाही. त्याचं विष रक्त गोठू देत नाही. लोकांनी तिला आधी मांत्रिकाकडं नेलं. त्यानं दोरा बांधला, पाणी मंतरून दिलं, तीन तास बसवून ठेवलं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा जीप बघितली गेली, आणि औंढा यायच्या आधीच ती जीपमध्ये गेली. धम्मानंद तिच्या पायाशी बसला होता. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

पुढं त्यानं वसतिगृहात राहून, शिष्यवृत्तीवर रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पीएच.डी.ला विषय घेतला फुरशाच्या विषाचा. आमच्याकडं तो तासिका तत्त्वावर लागला, म्हणजे तास घेतला तरच पगार, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत माणूस कुणाचाच नाही. कायम व्हायची वाट बघत त्याला अकरा वर्षं झाली. कायम नाही म्हणून सोयरीक जुळली नाही. अडतिसाव्या वर्षी तो भाड्याच्या एका खोलीत, एका लॅपटॉपबरोबर राहत होता. आमच्यातले काही दीडशहाणे त्याला तोंडावर ‘शास्त्रज्ञ’ म्हणायचे. तो हसून तास घ्यायला जायचा.

त्याच्या संशोधनात ना साप होता ना विष. विषात एक प्रथिन असतं, ते रक्तवाहिन्या फोडतं. त्या प्रथिनाचा नकाशा जगात कुणीतरी काढून ठेवलेला असतो आणि तो फुकट मिळतो. त्या प्रथिनात एक खोबण असते. वनस्पतींमधले हजारो लहान लहान पदार्थ कॉम्प्युटरवर एकेक करून त्या खोबणीत बसवून बघायचे. जो सगळ्यांत घट्ट बसेल, तो विषाला अडवील अशी आशा. पुढं तो बाटलीत, मग उंदरावर, मग कितीतरी वर्षांनी माणसावर तपासायचा. धम्मानंदचं काम पहिल्या पायरीचं होतं, आणि ते तसंच आहे हे त्यानं निबंधात स्पष्ट लिहिलं होतं.

हे काम कसं करायचं याचा एक कागद त्याच्या मार्गदर्शकांच्या प्रयोगशाळेत होता. बारा मुद्दे, झेरॉक्सची झेरॉक्स काढून पुसट झालेले. नवा विद्यार्थी आला की जुना विद्यार्थी तो कागद त्याच्या हातात द्यायचा आणि नवा सगळ्यांना पेढे वाटायचा. त्यातला पाचवा मुद्दा असा: ‘प्रथिन सोडून बाकी सगळे काढून टाकणे.’ नकाशात पाण्याचे थेंब असतात, इकडचं तिकडचं अडकलेलं असतं, ते झाडून काढायचं. का, हे कुणी विचारत नसे. मार्गदर्शकांना ‘काहून’ विचारलेलं आवडत नसे. त्या कागदावर त्या प्रयोगशाळेतून चाळीसेक निबंध निघाले, त्यातला एक धम्मानंदचा. निबंधावर पहिलं नाव मार्गदर्शकांचं, दुसरं त्यांच्या सौभाग्यवतींचं, ज्या मराठी शिकवत, तिसरं आमच्या प्राचार्यांचं आणि चौथं, ज्यानं दोन वर्षं रात्रंदिवस काम केलं त्याचं.

आमच्या माळावर उगवणाऱ्या एका झुडपातला पदार्थ त्या खोबणीत सगळ्यांत घट्ट बसला होता. त्या झुडपाचं नाव मी इथं लिहिणार नाही. एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं.

कारण बातमी मी दिली. महाविद्यालयात काही झालं की पेपरला बातमी ग्रंथपालानं लिहून द्यायची, हा आमच्याकडचा रिवाज. निबंध मी वाचला, निम्मा कळला आणि उरलेला मी माझ्या मनाने पुरा केला. दोन दिवसांनी पेपरात मथळा आला: ‘नागनाथाच्या भूमीत सर्पविषावर मात! प्रा. खिल्लारे यांनी शोधले औषध.’ खाली झुडपाचं नाव, पाल्याचा फोटो आणि धम्मानंदचा फोटो. मथळा माझाच. मला तो फार आवडला होता.

धम्मानंद पेपर घेऊन ग्रंथालयात आला. एवढा चिडलेला मी त्याला कधी बघितला नव्हता.

“सर, हे काय करून ठेवलंत? मी औषध कुठं शोधलंय? उंदरालासुद्धा दिलं न्हाई अजून. नुसतं कॉम्प्युटरवर बसवून बघितलं.”

“अरे, लोकांना तुझं बसवणं काय कळणार? नाव झालं ना तुझं? कायम व्हायला कामी येईल.”

“खुलासा द्या सर. दोन ओळी तरी.”

“देतो,” मी म्हणालो. दिला नाही. माझीच बातमी मी कशी खोडून काढू, असं मला वाटलं. आज त्या वाटण्याची मला लाज वाटते.

तिकडं गावात जळबांनी ते कात्रण लॅमिनेशन करून बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावलं. मग माळावरून ते झुडूप मुळासकट आणून अंगणात लावलं, काट्याचं कुंपण केलं. पहिल्या वर्षी चार माणसं पाला न्यायला आली, दुसऱ्या वर्षी चाळीस. कुणाला पाणसाप चावलेला असायचा, कुणाला विंचू, कुणाला नुसता काटा. सगळे बरे व्हायचे. बरं व्हायचंच होतं त्यांना, पण नाव पाल्याचं झालं.

मी एकदा धम्मानंदबरोबर त्याच्या गावी गेलो तेव्हा जळबांनी मला अंगणात नेऊन झाड दाखवलं. म्हातारा खूश होता.

“सर, तुमी पेपरात लिव्हलं, तुमचे उपकार हायेत. परवा मालक सोता आले. तातेराव पाटील! चपला भाईर काढल्या अन् ह्या इथं बसून च्या पिले. पन्नास वरसं मी त्यांच्या दारात हुबा राहिलो. आता ते माझ्या दारात येऊन राहिले.”

तातेरावांनी जाताना झाडाची एक फांदीही मागून नेली होती, आपल्या वाड्यात लावायला. धम्मानंद मान खाली घालून चहा पीत होता. तेव्हाही त्यानं सांगायला हवं होतं आणि तेव्हाही मी सांगू शकलो असतो. पण म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघून कुणाची जीभ उचलली असती?

मग टाळेबंदी आली. प्रयोगशाळा बंद, सगळे घरात. घरबसल्या करता येण्यासारखं संशोधन एकच, कॉम्प्युटरवर औषध बसवून बघायचं. देशभर ज्याच्याकडं लॅपटॉप त्यानं तेच केलं, आणि ‘वनस्पतींमधील पदार्थांवर असे काम पूर्वी झाले आहे’ या वाक्यापुढं टाकायला सगळ्यांना एक जुना निबंध हवा होता. धम्मानंदचा निबंध सापडला. नऊचे तीस झाले, तिसाचे सत्तर. मी फाईलीत आकडे लिहीत होतो आणि माझी छाती फुगत होती. यातल्या एकानंही तो निबंध वाचला नव्हता, हे पुढं कळलं.

वाचला एका मुलीनं. पुण्याच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत पीएच.डी. करणारी, प्रतिक्षा तिचं नाव. दोन वर्षांमागं जूनमध्ये तिचा ईमेल आला. धम्मानंदनं तो मला ग्रंथालयात आणून दाखवला. चारच ओळी होत्या, अगदी अदबीनं लिहिलेल्या. या प्रथिनाच्या खोबणीत मधोमध जस्ताचा एक अणू असतो, प्रथिनाचं सगळं काम त्याच्यावर चालतं, तुमच्या आकृतीत तो मला दिसत नाही, माझंच काही चुकतंय का, असं तिनं विचारलं होतं.

“पाचवा मुद्दा,” धम्मानंद म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “बाकी सगळं काढून टाका. मी जस्त काढून टाकलं सर. झाडून बाहीर टाकलं.”

“मग आता?”

“दार काढून टाकलेल्या घरात कुणीबी शिरतंय की.”

आठ दिवसांत त्यानं सगळं काम पुन्हा केलं, जस्त जागेवर ठेवून. आमच्या माळावरचं झुडूप पार खाली गेलं. ते बसत नव्हतंच, कुठंच बसत नव्हतं. त्यानं मार्गदर्शकांना फोन लावला. ते म्हणाले, “काम तुझं होतं, चूक तुझी. पण निबंध मागं घ्यायचं नाव काढू नको. माझे चाळीस निबंध आहेत.” आणि फोन ठेवला.

त्याच वेळी अकरा वर्षांनी आमच्याकडं रसायनशास्त्राची एक कायम जागा निघाली होती. मुलाखत जुलैत होती. धम्मानंदचा सगळा भार त्या एका निबंधावर. तो मला म्हणाला, “सर, मी मासिकाला लिहितो, निबंध चुकीचा आहे म्हणून. आणि गावी जाऊन ते झाड तोडतो.”

मी काय म्हणालो ते सांगतो. मी म्हणालो, “वेडा आहेस का? मुलाखत होऊ दे. एक महिन्यानं काय आभाळ कोसळणार आहे? आत्ता झाड तोडलंस तर गाव विचारील, काहून तोडलं. बातमी इथंवर येईल.”

तरीही तो एका रविवारी गावी गेला. कुऱ्हाड हातात घेतली तेव्हा जळबा झाडाला पाणी घालत होते. “काय रे धम्मा, कुऱ्हाड काहून?” त्यानं कुंपणाचे दोन वाढलेले काटे छाटले आणि कुऱ्हाड ठेवून दिली. सोमवारी येऊन मला म्हणाला, “बापाला सांगता न्हाई आलं.” मी म्हणालो, “बरं झालं.”

मुलाखत जुलैची ऑगस्टला गेली, ऑगस्टची ऑक्टोबरला. सोयाबीनची काढणी आली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी बाराच्या सुमारास, धम्मानंद माझ्यासमोर टेबलाशी बसला असताना त्याचा फोन वाजला. जळबा होते. म्हातारा एवढ्या मोठ्यानं बोलायचा की मलाही सगळं ऐकू येत होतं.

“धम्मा, मालकीणबाईला फुरसं डसलं. धा वाजता. मालक आपल्याकडंच घेऊन आले बघ. त्यांच्या वाड्यात झाड हाय, पर म्हणले, जळबाच्या हातचाच पाला पायजे. लई इस्वासानं आले.”

धम्मानंद उभा राहिला. “दवाखान्यात न्या! बापू, आत्ताच्या आत्ता न्या!”

“नेत्यात की. पाला दिलाय, एक घंटा बसू दे, उतरू दे.”

“त्या पाल्यात काही न्हाई! ऐकून राहिले का? काही न्हाई त्याच्यात!”

पलीकडून म्हातारा हसला. त्याला वाटलं, पोरगं घाबरलं. “तूच तर शोधलं,” तो म्हणाला.

माझ्या मोटारसायकलवर आम्ही दोघं निघालो. धम्मानंद चालवत होता. अकरा किलोमीटरचा रस्ता, त्यातला निम्मा उखडलेला. अंगणात पोचलो तेव्हा तातेरावांच्या बायको मंजुळाबाई बाजेवर बसल्या होत्या, पदरानं तोंड पुसत होत्या आणि पदर लाल होता. तातेराव शेजारी शांत बसले होते, दवाखान्यात बसावं तसे. धम्मानंदनं मंजुळाबाईंना दोन्ही हातांनी उचललं आणि तातेरावांच्या जीपमध्ये ठेवलं. ज्या बाईच्या घरात त्याच्या आईनं कधी उंबरा ओलांडला नव्हता, तिला त्यानं लेकरासारखं उचललं. कुणी काही म्हणालं नाही.

औंढ्याच्या दवाखान्यात विषावरची लस होती. डॉक्टर होते. त्यांनी धावपळ केली. डॉक्टरांनी फक्त वेळ विचारली. दहाला डसलं आणि दीडला आणलं, हे ऐकून त्यांनी हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यात हलवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगोलीत मंजुळाबाई गेल्या.

परतताना मीच गाडी चालवत होतो. मागं बसलेला धम्मानंद पुढं झुकला. मग म्हणाला, “माझ्या आईला मांत्रिकानं तीन घंटे बसवलं. मी साडेतीन.”

“तू नाही रे. मी बातमी...”

“त्या मांत्रिकाकडं कागद तरी नव्हता सर.”

तिसऱ्या दिवशी तो तातेरावांकडं गेला. मी बरोबर होतो. शिव्या खायची, मार खायचीही तयारी करून तो गेला होता. बैठकीत माणसं बसली होती. त्या सगळ्यांसमोर तो उभा राहिला. “पाटील, त्या पाल्यात काही न्हाई. माझी चूक झाली. कॉम्प्युटरवरचं काम व्हतं अन् तेबी चुकलेलं. तुमी सरळ दवाखान्यात गेले असते तर काकू वाचल्या असत्या.”

तातेरावांनी वर बघितलं. डोळे रडून सुजले होते. ते उठले आणि त्यांनी धम्मानंदपुढं हात जोडले.

“असं म्हणू नका सर. तिचं भरलं व्हतं. उलट तुमच्या पाल्यानं तिला साडेतीन घंटे धरून ठेवलं. माझ्या चुलत्याला डसलं तवा एक घंटाबी निघाला न्हवता. आन् पेपरात काय खोटं येतंय व्हय?”

बसलेल्या माणसांनी माना डोलावल्या. धम्मानंदनं जस्ताचं सांगितलं, पाचव्या मुद्द्याचं सांगितलं. ते ऐकत राहिले, मोठ्या माणसाचं दुःख ऐकावं तसे. मला ओरडावंसं वाटत होतं. ज्या माणसाला आयुष्यभर कुणी ऐकलं नाही, त्याचं आता सगळे ऐकत होते आणि एकालाही त्याचं खरं वाटत नव्हतं.

तिथून तो घरी गेला आणि त्यानं झाड तोडलं, बुंध्यापर्यंत. जळबा ओट्यावर बसून बघत होते. “माझ्या हातानं लावलं व्हतं रे,” एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं पोराशी बोलणं सोडलं. भांडण नाही, शिवी नाही. जेवायला वाढलं की जेवायचे, विचारलं तर मान हलवायचे. तातेराव पुन्हा त्या अंगणात आले नाहीत. त्यांच्याकडं त्यांचं झाड होतंच, आणि तोवर आजूबाजूच्या गावांत त्या झाडाच्या फांद्या सतरा घरी लागल्या होत्या. धम्मानंदनं घरोघरी जाऊन मोजून आणलेला तो आकडा आहे. सतरापैकी एकानंही झाड तोडलं नाही.

मुलाखतीला तो गेला. चार तज्ज्ञ बसले होते. त्यानं सुरुवातीलाच सांगितलं, “यादीतला पहिला निबंध चुकीचा आहे.”

“मग यादीत ठेवला कशाला?” अध्यक्षांनी विचारलं.

“काढला असता तर तुम्हाला कळलं नसतं.”

अध्यक्ष म्हणाले, “प्रामाणिक आहात.” मग घड्याळाकडं बघितलं. ज्या उमेदवाराची निवड झाली त्याची यादी माझ्याकडं फाईलला आली. त्याच्या तीन निबंधांत धम्मानंदच्या त्याच निबंधाचा संदर्भ होता. मी ते तीन वेळा तपासलं.

निबंध मागं घ्यायला चौघांच्या सह्या लागतात, असं मासिकानं कळवलं. मार्गदर्शकांनी दिली नाही, त्यांच्या सौभाग्यवतींनी अर्थातच दिली नाही. प्राचार्य म्हणाले, तपासणी होऊन जाऊ दे. सही फक्त चौथ्या नावाची झाली. ‘लेखकांमध्ये मतभेद आहेत, विचार चालू आहे’ असं मासिकाचं उत्तर आलं आणि तो विचार अजून चालूच आहे. धम्मानंदनं नवा निबंध लिहिला, जस्त काढल्यानं काय चुकलं ते सांगणारा, एकट्याच्या नावाचा. तो एका मासिकाने फुकट छापला. त्याला आजपर्यंत एक सायटेशन आहे, पुण्याच्या प्रतिक्षाचं.

मीही उशिरा शहाणा झालो. पेपरच्या माणसाकडं जाऊन खुलासा छापा म्हणालो. तो म्हणाला, “एवढी जुनी बातमी, कुणाच्या ध्यानात आहे?” फार गळ घातली तेव्हा त्यानं सातव्या पानावर, बाजारभावाच्या खाली तीन ओळी छापल्या. जुनं कात्रण मात्र लोकांच्या मोबाईलवर अजून फिरतं. मथळा चांगला आहे ना.

पुढच्या जूनमध्ये धम्मानंदला तास मिळाले नाहीत. रसायनशास्त्राला आता कायम माणूस होता. तो गावी परतला, दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊ लागला. सोयाबीनच्या काढणीत तो दिवसभर ओट्यावर बसून असायचा, जुनी मोटारसायकल दारात लावून, टाकी भरून.

गेल्या ऑक्टोबरात एका रविवारी मी तिथं असताना दुपारी सेनगावकडचा एक माणूस मोटारसायकलवर आला. मध्ये बायको, मागं तिचा भाऊ तिला धरून. बाईच्या पायाला फडकं बांधलेलं. त्यानं अंगणातलं तोडलेलं खोड बघितलं.

“पाल्याचं झाड कुठं हाय?”

“झाड न्हाई. त्या पाल्यानं काही होत न्हाई. दवाखान्यात चला, मी येतो संगं,” धम्मानंद म्हणाला.

“तुमी कोण?”

“धम्मानंद खिल्लारे.”

त्या माणसानं खिशातून मोबाईल काढला. माझी बातमी, माझा मथळा, धम्मानंदचा आठ वर्षांपूर्वीचा फोटो. तो एकदा फोटोकडं आणि एकदा त्याच्याकडं बघत राहिला. “हे तुमीच की! मग न्हाई काहून म्हणता? पैसे पायजेत का?”

ओट्यावरून जळबांनी, कुणाकडंही न बघता, हात लांब करून तातेरावांच्या वाड्याची वाट दाखवली. गाडी तिकडं वळली. आम्ही मागं धावलो. वाड्यात तातेराव पाला तोडून देतच होते. धम्मानंदनं त्या माणसाचे पाय धरले. अक्षरशः पाय धरले. “पाला द्या तिला, पोटभर द्या. पण खात खात जीपमध्ये बसू द्या. वाटेत काम करतोय पाला. दवाखान्याच्या वाटेवर जास्त करतोय!”

आठ वर्षं ज्या खोट्यापासून तो पळत होता, ते त्यानं त्या दिवशी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तातेरावांनी जीप काढली. बाई पाला चावत चावत दवाखान्यात गेली, तिथं तिला लस मिळाली, आणि ती वाचली.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा तिथं होतो तेव्हा तो माणूस आला. बरोबर नारळ, टोपी, टॉवेल आणि पेढ्यांचा पुडा. त्यानं धम्मानंदला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि पायाला हात लावला. “सर, तुमच्या पाल्यानं वाचली. आमच्या गावात सगळ्यांना सांगितलं. नऊ घरी झाड लावून राहिलो.”

“लसीनं वाचली,” धम्मानंद म्हणाला.

तो माणूस माझ्याकडं बघून हसला. “मोठी माणसं असंच म्हणत्यात.”

त्यानं येताना तातेरावांच्या वाड्यातून फांद्यांचा भारा आणला होता. त्यातली एक काढून त्यानं जळबांपुढं धरली. म्हातारा ओट्यावरून उठला. कोपऱ्यातली कुदळ घेतली. अंगणात जुन्या खोडाशेजारी बसून त्यानं खड्डा करायला घेतला आणि मान वर न करता म्हणाला, “धम्मा, पावण्याला च्या टाक. आन् जरा पाणी आण इकडं.”

मी धम्मानंदच्या कानाशी लागलो. “अरे, अडव त्यांना.”

तो नारळ हातात धरून वडिलांकडं बघत होता. टोपी वाकडी झाली होती.

“वरीसभरानं बोलले सर मला,” तो म्हणाला, आणि पाणी आणायला आत गेला.